उपाशी ठेवलेली बुरशी

काचसामान आणि किस्से आमच्या लॅबमध्ये सारखेच साठतात. वेळेवर धुतले नाहीत तर वास सुटतो. मी बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट आहे. शिक्षण बारावी, पण बुरशी पोसायला मला चांगलं येतं. अठरा वर्षं बटाटे उकडून त्यांच्या पाण्यावर तिला वाढवते आहे. बाकीचे किस्से राहू देत, हे फक्त सादियाचे.

* * *

सादिया आमची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. वडिलांचा केजच्या स्टँडवर फळांचा गाडा. तुरीला मर रोग आणणाऱ्या बुरशीवर तिचं काम. हैदराबादच्या एका मोठ्या लॅबमध्ये आठ महिने राहून तिनं त्या बुरशीतला एक जीन काढून टाकला, आणि ती बुरशी नळीत घालून, मांडीवर धरून एसटीनं घेऊन आली. आता एवढंच सिद्ध करायचं, की जीन नसलेली बुरशी कमजोर पडते. ते झालं की नावापुढं डॉक्टर!

"त्या जीनचं काम काय गं?" मी विचारलं.

"मावशी, खायाला मिळालं न्हाई की पेशी आपल्याच आतलं जुनं-मोडकं खाऊन दिवस काढती. ते ह्या जीनमुळं जमतं."

त्या दिवशी माझी एकादशी होती. समोर बुरशीसाठी बटाटे शिजत होते.

"मग हा जीन बायकांत लई असंल," मी म्हणाले.

तिनं वहीतून मान वर केली नाही. "माझ्या अम्मीत तर दोन असतील."

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. मायक्रोस्कोपला कुंकू, ऑटोक्लेव्हपुढे नारळ. बुरशीचं काम करायला एक काचेची पेटी असते, लॅमिनार म्हणतात तिला. तिच्यात हवासुद्धा गाळून येते. आमचे विभागप्रमुख, म्हणजे सादियाचे गाईड, त्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणतो. सरांनी त्या पेटीच्या आत झेंडूचा हार लावला, उदबत्ती लावली. कुंकू मी लावलं. खोटं कशाला सांगू!

पुढच्या आठवड्यात सादियाच्या बुरशी वाढवायच्या सगळ्या प्लेटांत हिरवं, काळं, पिवळं उगवलं. तिची बुरशी सोडून सगळं!

"सर, लॅमिनारमदी फुलं ठेवायची नसतात."

"सादिया, हे आमचं असतं. तुला कळायचं नाही."

"सर, लॅमिनारलाबी कळत न्हाई."

तिचं दोन महिन्यांचं काम गेलं. हार मात्र पंधरा दिवस तसाच होता. तो उतरवायचा कोणी, हे ठरत नव्हतं.

* * *

मग कुंड्या केल्या. तीस कुंड्यांत तुरीची रोपं. पंधरा रोपांना साधी बुरशी दिली, पंधरांना जीन काढलेली. साध्या बुरशीची रोपं माना टाकून वाळली आणि दुसरी हिरवीगार राहिली! तिला हवं होतं ते हेच. सादियाचे डोळे भरून आले. "मावशी, उद्या सकाळी फोटो काढते."

सकाळी एक पुढारी कॉलेज बघायला येणार होते. सरांनी भागवत शिपायाला सांगितलं, परिसर स्वच्छ कर. भागवत इमानदार माणूस. त्यानं वाळलेली पंधराच्या पंधरा रोपं उपटली आणि मागं नेऊन पेटवून दिली.

पुढारी खूश झाले. "वा! तुमच्याकडं तर तुरीला रोगच न्हाई की!"

"सगळा विभागाचा प्रयत्न आहे, साहेब," सर म्हणाले.

भागवत दुपारी सादियापुढं हात जोडून उभा राहिला. "ताई, मेलेलं कशापायी ठिवायचं, म्हून उपटलं."

"भागवतमामा," ती म्हणाली, "मेलेलंच माझं काम होतं."

* * *

तिनं सगळं पुन्हा केलं. दोनदा केलं, पुन्हा तेच निघालं. पेपर लिहून तपासायला सरांना दिला. चार महिने तो त्यांच्या टेबलावर पडून होता, त्यावर चहाचे कप ठेवले जायचे. नंतर तो छापूनच आला. पहिलं नाव सरांचं, दुसरं विक्रमसाहेबांचं. विक्रमसाहेब म्हणजे सरांचे भाचे, नुकतेच लागलेले. तोवर लॅबमध्ये ते फक्त मोबाइल चार्ज करायला यायचे.

"सर, माझं नाव?"

"आहे की. शेवटी आभारात बघ."

शेवटी एक ओळ होती. लॅबमधल्या सर्व सहकाऱ्यांचे आभार. म्हणजे ती आणि मी सारख्याच! मला त्या ओळीची लाज वाटली.

ती वरच्या साहेबांकडे गेली. ते म्हणाले, "मुली, गाईडशी वैर घेऊन कोणी डॉक्टर होत नसतं."

पुढच्या महिन्यात सादियानं बुरशीच्या फ्रिजची किल्ली विक्रमसाहेबांच्या हातात दिली आणि तलवाड्याला एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली.

* * *

त्या पेपरवर सरांना मोठा प्रोजेक्ट मिळायची वेळ आली. बाहेरचे दोन प्राध्यापक, त्यांतल्या एक मॅडम, ती बुरशी बघायला येणार होते. दहा दिवस आधी विक्रमसाहेबांनी फ्रिज उघडला. साधी बुरशी पांढरीशुभ्र, कापसासारखी. शेजारची जीन काढलेल्या बुरशीची प्लेट पापडासारखी वाळलेली. तीन महिन्यांत दोघींनाही कोणी ताजं काही घातलं नव्हतं. सादिया गेल्यापासून मला हात लावायची परवानगी नव्हती. आता मिळाली. मी बटाटे उकडले, तीनदा नवीन प्लेट केली. काही उगवलं नाही. हैदराबादला आता ओळखीचं कोणी उरलं नव्हतं.

"मावशी, एकाच फ्रिजमध्ये होत्या. ही जगली, मग ती कशी मेली?"

"साहेब," मी म्हणाले, "तुमच्याच पेपरात लिहिलंय म्हणं."

पाहुणे आले. सरांनी चहा दिला, शाल दिली, लाइट जाण्यावर ढकलून बघितलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ही बुरशी तयार कोणी केली? त्यांना फोन लावा."

"आमची एक जुनी विद्यार्थिनी मदतीला होती," सर म्हणाले आणि फोन लावला. मॅडमनी तो स्पीकरवर टाकायला सांगितला. पलीकडे पोरं पाढे म्हणत होती.

"सादिया बेटा, त्या बुरशीची एखादी नळी असेल ना तुझ्याकडे?"

पाढे थांबले. तिनं वर्गाचं दार लोटलेलं ऐकू आलं.

"हाय ना सर. दर आठ दिवसाला खायाला घालते. पण नळीवर माझं नाव हाय. तशी चालंल का तुमाला?"