गव्हात मूठभर सोयाबीन

सकाळी अण्णांचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "बाई, कुसुम गेली," ते म्हणाले. मी काही विचारणार तेवढ्यात पुढे म्हणाले, "तिचा डबा गिरणीतच ऱ्हायलाय…" अशा वेळी माणूस काय बोलेल याचा नेम नसतो. कुणी दुधवाल्याचं बोलतं, कुणी गॅसचं. मी "बरं, येते" म्हटलं आणि फोन ठेवला. डब्याचं मात्र मला नवल वाटलं नाही. गेली काही वर्षं त्या घरात पिठाचे दोन डबे होते. मोठा सगळ्यांचा आणि छोटा एकट्या कुसुमताईंचा. त्यांना जाऊन आता महिना उलटला. गल्लीत त्यांच्या मरणाचं कारण ज्याच्या त्याच्या तोंडी आहे, आणि ते चुकीचं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

कुसुमताई मूळच्या कुरुंदवाडच्या. लग्न होऊन शाहूपुरीत आल्या. खाली त्यांच्या यजमानांचं, अण्णांचं, धान्याचं दुकान, वर बिऱ्हाड. मी समोर राहते. शाळेत विज्ञान शिकवत होते, म्हणून सगळ्या गल्लीची मी 'बाई'. कुसुमताईंचा आवाज असा की खालच्या गिऱ्हाइकाला वरच्या गॅलरीतून भाव सांगायच्या आणि गिऱ्हाईक मुकाट्याने पिशवी पुढे करायचं. त्यांचा भाऊ कुरुंदवाडला शेती करतो. ऊस निघाला की त्या रानात सोयाबीन, आणि दिवाळीच्या सुमारास मळणी झाली की एक पोतं बहिणीकडे पोचतं. आपल्याकडे सोयाबीन पिकवतात ते विकायला. ते तेलाच्या कारखान्यात जातं, पिकवणाऱ्याच्या ताटात सहसा येत नाही. कुसुमताईंनी मात्र महिला मंडळात कुठलंसं आहारावरचं व्याख्यान ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. पोरांना ताकद पाहिजे, पोरींना तर जास्तच. मग त्या सोयाबीन कढईत खमंग भाजायच्या, सालं चोळून पाखडायच्या आणि दळणाच्या गव्हात मिसळायच्या. कच्चं दळलं तर चपातीला वास मारतो, आणि जास्त भाजलं तर कडू होतं, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या.

इथवर ठीक होतं. पण त्या स्वतःच्या डब्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. कोपऱ्यावरच्या गिरणीत गल्लीतले डबे रांगेने लावलेले असतात, प्रत्येकावर रंगाने नाव लिहिलेलं. कुसुमताई भाजलेल्या सोयाबीनची पिशवी घेऊन जायच्या आणि दिसेल त्या डब्याचं झाकण उघडून मूठभर टाकायच्या. विचारणं वगैरे काही नाही. गिरणीवाले मामा ओरडायचे, "काकू, त्याच्या तेलानं दगुड चिकाट हुतोय!" यांचं उत्तर ठरलेलं, "मग पुसा की. पोरं धट्टीकट्टी हुत्यात ते दिसत न्हाय व्हय?" बायका आधी कुरकुरल्या, मग त्यांना सवय झाली, आणि नंतर नंतर तर मूठ पडली नाही तर आठवण करून द्यायला लागल्या. माझ्याही डब्यात पडायची. चपाती जरा जड व्हायची, पण मऊ राहायची.

मग त्यांच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. तपासणीत आलं की ही गाठ इस्ट्रोजेनवर, म्हणजे बाईच्या शरीरातल्या हार्मोनवर पोसणाऱ्या जातीची आहे. त्यासाठी रोज एक गोळी, काही वर्षं. हे सगळं घरच्यांनी नीट ऐकून घेतलं. घोळ झाला तो फोनवर. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी पाठवलं की सोयाबीनमध्ये बाईचं हार्मोन असतं, ते खाल्लं की छातीचा कॅन्सर होतो. खाली लाल अक्षरांत 'आया-बहिणींना पाठवा'. संध्याकाळपर्यंत ते गल्लीच्या ग्रुपवर होतं. अण्णांनी दुकानातलं सोयाबीन दुसऱ्या दिवशी हलवलं. दिवाळीला भाऊ पोतं घेऊन आला तर दारातच त्याला म्हणाले, "पावणं, हे वर न्यायचं न्हाय." भाऊ बिचारा पायरीवर पोत्याशेजारी बसून चहा प्याला आणि पोतं घेऊन परत गेला. बहीण वर गॅलरीत उभी होती. त्या दिवशी ती ओरडली नाही.

ऑपरेशनची जखम भरत आली तशा त्या एका दुपारी माझ्याकडे आल्या. पाणी दिलं ते घेतलं नाही. म्हणाल्या, "बाई, तुम्ही सायन्स शिकिवता. मला खरं सांगा. माझं काय व्हायचं ते हू दे. पर मी सगळ्यांच्या डब्यात घातलंय की… न विचारता घातलंय. त्या पोरींना काय हुईल?" मी पुष्कळ वर्षं वर्गात प्रश्न ऐकले, पण इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. स्वतःच्या जिवाचं त्यांनी एका वाक्यात उरकलं होतं.

मला ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं. म्हटलं, एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं समजा. रुमाल म्हणजे माणूस नव्हे, पण जागा अडते. सोयाबीनमध्ये, जवसात, तिळातही थोडं, असे पदार्थ असतात की ते दिसायला इस्ट्रोजेनसारखे. म्हणून शरीरात त्याच्या जागेवर जाऊन बसतात, पण त्यांच्यात तेवढा जोर नसतो. "म्हंजी चांगलं का वाइट?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "रुमालावरनं पण भांडणं हुत्यातच की." आणि हसल्या. गाठ निघाल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

पुढच्या तपासणीला मी बरोबर गेले. डॉक्टर बाई होत्या, वयाने आमच्या मुलींएवढ्या. कुसुमताईंनी गोळीचं विचारलं नाही, जखमेचं विचारलं नाही. थेट गिरणीचं विचारलं. डॉक्टरांनी आधी सगळी हकीकत ऐकली, डब्यात मूठ टाकण्याची सुद्धा, आणि त्यांना हसू आवरेना. मग नीट सांगितलं, "काकू, जेवणातल्या सोयाबीनने हा कॅन्सर होतो, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट लहानपणापासून खाणाऱ्या बायकांमध्ये धोका थोडा कमीच असावा, असं काही ठिकाणी दिसतं. तुम्ही कुणाचं वाईट केलेलं नाही. तुम्हीही पूर्वीसारखं बेतानं खाऊ शकता. फक्त सोयाच्या गोळ्या, कॅप्सूल, काढे मला विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत. ते अन्न नव्हे. आणि तुमची गोळी चुकवायची नाही." कुसुमताई म्हणाल्या, "हे जरा आमच्या मालकांना फोनवर सांगता?" डॉक्टरांनी सांगितलं. अण्णांनी "व्हय, व्हय" म्हणून ऐकून घेतलं आणि घरी सोयाबीनची बंदी तशीच ठेवली.

डॉक्टरांचं म्हणणं पटवायला त्या घरोघर फिरल्या. बायका चहा करायच्या, मान हलवायच्या आणि गिरणीत डब्याला झाकणावरून दोरी बांधून पाठवायच्या. मोकळ्या झाकणाचे ते डबे, आता एकेकाला दोरी. दुसरीकडे बिद्रीहून अण्णांची चुलतबहीण आली, ती जवसाच्या पावडरीचा भला मोठा डबा घेऊन. तिच्या ग्रुपवर उलटंच आलेलं. जवसानं कॅन्सर मुळापासून जातो, इंग्रजी गोळ्या बंद करा. तिच्यापुढे कुसुमताईंनी हात जोडले. "आक्का, चटणीएवढं जवस मी खातो. पावडर तुमी न्या. गोळी काय मी सोडत न्हाय." त्या आक्का रुसून गेल्या. एकाच बाईला तिच्या माणसांनी एकाच आजारात एक गोष्ट विष म्हणून बंद केली आणि त्याच गोष्टीची सख्खी बहीण शोभेल अशी दुसरी औषध म्हणून वाढली. दोघांचीही माया खरी होती. मला दोघांचाही राग आला.

घरात मग दोन डबे झाले. सून प्रियांका स्वभावाने चांगली, पण तिला लहान मुलगी. ती सासूला म्हणाली, आत्या, तुमचं तुम्ही खा, आमच्यात नको. यात तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, भीती ही भीतीच असते. कुसुमताईंनी भावाकडून पिशवीभर सोयाबीन मागवलं, छोटा स्टीलचा डबा काढला, त्यावर स्वतःचं नाव लाल रंगाने लिहिलं आणि आपलं दळण वेगळं केलं. हट्टानेच म्हणायचं, कारण एरवी साधी चपाती त्यांना चालली असती. ताटात त्यांची एक जाडसर चपाती बाजूला असायची आणि नात तिच्याकडे हात करी, की प्रियांका हळूच ताट सरकवी. कुसुमताई न बघितल्यासारखं करायच्या. मला एकदाच म्हणाल्या, "माझ्या डब्यातलं कुणी तरी खाल्लं पायजे, बाई. मग मी सुटलो."

काही वर्षं बरी गेली. मग पाठीच्या हाडात दुखू लागलं, आणि तपासणीत आजार परत आल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाल्या, या जातीचा आजार गोळी नीट घेऊनही कधीकधी परततो, त्यात तुमची चूक नाही. गल्लीला चूक लगेच सापडली. "बघा, खातच ऱ्हायल्या की सोयाबीन…" हे गिरणीच्या रांगेत माझ्या देखत बोललं गेलं. मी तिथेच भांडले. उपयोग झाला नाही. शेवटची भेट झाली तेव्हा त्या खाटेवर बसून, पाठीला उशी लावून, सुपात सोयाबीन चोळत होत्या. आवाज बसला होता. म्हणाल्या, "मी गेल्यावर म्हंतील, सोयाबीननं मेली. तेवढं हू देऊ नका, बाई." त्याच दिवशी त्यांनी डबा गिरणीत पाठवला.

तेराव्यानंतर मी त्यांच्याकडे गेले. अण्णा गिरणीतून त्यांचा छोटा डबा घेऊन आले होते. तो ओट्यावर होता, झाकण लावलेलं. प्रियांकाने मला विचारलं, "बाई, ह्याचं काय करायचं? गायीला घालू?" मी काही म्हणायच्या आत अण्णा उठले. मोठ्या डब्याचं झाकण त्यांनी काढलं, छोटा डबा त्यात पालथा केला आणि कोपरापर्यंत हात घालून पीठ कालवलं, खालचं वर, वरचं खाली. धोतरावर पीठ सांडलं. प्रियांका बघत राहिली. "आता निवडा म्हणावं," ते म्हणाले, "कुणाला निवडायचं हाय ते." अण्णांना विज्ञान पटलं असं मला वाटत नाही. डॉक्टरांचं सगळं ऐकूनही न पटलेला माणूस तो. पण प्रियांकाने त्याच पिठात पाणी घातलं. त्या दिवशी मी तिथे जेवले. नातीने दुसरी चपाती मागितली आणि कुणी ताट सरकवलं नाही. मला फार बरं वाटलं, आणि ज्यांना हे बघायचं होतं त्या नव्हत्या, म्हणून तितकंच वाईट वाटलं.

मागच्या आठवड्यात गिरणीत गेले तर रांगेत तो स्टीलचा डबा होता. लाल रंगातलं 'कुसुम' तसंच. मामा म्हणाले, सूनबाई ठेवून गेल्या. त्याला दोरी नव्हती. मी झाकण काढलं. गव्हात मधूनमधून सोयाबीन दिसत होतं, सालं नीट न निघालेलं. एक दाणा उचलून तोंडात टाकला… जरा जास्तच भाजला होता. घरी जाताना प्रियांकाला हाक मारून सांगितलं, गॅस थोडा बारीक ठेवत जा.