समोरच्या खोलीतले आजोबा

तान्ह्या पोराला खडसावून झोपवणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच झाला आणि तो घाटकोपरच्या चाळीत आमच्या समोरच्या खोलीत राहायचा. गिरणी बंद पडल्यापासून हे मालवणी आजोबा दिवसभर घरी एकटेच असत. आम्ही दोघं ऑफिसला निघालो की आमची तान्ही मनू त्यांच्या मांडीवर. "नीज गो चेडवा, माका कामां आसत!" असं ते गरजले की ती खुशाल डोळे मिटायची. कामं त्यांना कसलीही नव्हती. तिचं खिमट आधी स्वतः चाखायचे आणि संध्याकाळी मीठ कमी म्हणून माझ्याशी भांडायचे. एकदा तिला ताप भरला. निरोप मिळून मी धावत पोचले, तर अर्धी चाळ दवाखान्यात आणि आजोबा बाही सरसावून डॉक्टरांना दरडावतायत, "सुई पयली माका टोच, मगे तिका!"

मग बोरिवलीला आमचा ब्लॉक झाला. स्वतंत्र संडास, मोठी खिडकी. मी हरखून गेले होते. पण दारं सगळी बंद. मनूला सांभाळायला ठेवलेली बाई टिकेना, पाळणाघरात ती रडून रडून आजारी पडली आणि शेवटी मी नोकरी सोडली. दिवसभर आम्ही दोघीच.

एका दुपारी आजोबा आले. पाणीसुद्धा न पिता विचारलं, "शेजारी कोण?"

"नाव नाही माहीत, आजोबा."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग मनूला कडेवर घेऊन त्यांनी मजल्यावरची एकेक बेल वाजवली. "ह्या तुमच्या शेजारचा चेडू. वळखून ठेवा." एकांनी वर्गणी समजून दार लावून घेतलं. दुसऱ्या बाई साखळी न काढताच "बरं, बरं" म्हणाल्या.

परत येऊन ते खाली बसले. म्हणाले, "मी गावाक चल्लंय. सगळी बिऱ्हाडां तुमच्यासारखीच ब्लॉकात गेली. चाळीत आता पोरांच नाय. मी रवान काय करू?"

मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. मनू त्यांच्या खांद्यावर झोपली होती. अंधारून येईपर्यंत त्यांनी तिला खाली ठेवलं नाही. चहा तसाच गार झाला. मग मनूला हलकेच माझ्याकडे दिलं आणि जिना उतरले.

मी खिडकीत गेले. रस्त्यावर थांबून ते वर बघत होते. मी हात हलवला. ते एकेक खिडकी न्याहाळत राहिले, सगळ्या सारख्याच. आमची कोणती, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.