घुंडीचा दुसरा स्क्रू

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि तिच्यापासून माझं फारसं काही लपत नाही. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही. तरी लिहिता लिहिता मनात येतंच — तुम्ही हे कुणाला बोलून दाखवाल का? फिरत फिरत उंद्रीला पोचेल का? पाहा, सुरुवातच अशी. माझा स्वभाव संशयी आहे. दूधवाल्यानं माप काठोकाठ भरलं की मला वाटतं, आज पाणी जास्त आहे. पाहुणे गेले की मी दारातल्या चपलांवरून एकदा नजर फिरवतो. "तुमाले आरशातल्या मानसावरही भरोसा नाही," असं बायको म्हणते. ती हसत म्हणते, म्हणून मीही हसतो.

मी चिखलीत राहतो. नोकरी टेलिफोन खात्यात झाली, आणि नाद हॅम रेडिओचा. म्हणजे घरात स्वतःचा सेट, गच्चीवर ताणलेली तार, आणि सरकारी परवाना घेऊन दूरदूरच्या माणसांशी गप्पा. आमच्या भागातले आम्ही काही जण रोज सकाळी हवेत एका ठरलेल्या जागी जमतो. त्याला आम्ही नेट म्हणतो. एकजण नेट चालवतो, एकेकाला नावानं बोलावतो, बाकीचे हजेरी देतात, पाऊसपाणी, तब्येत, नवी तार, जुनं दुखणं असं सगळं निघतं. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. पण सकाळचा चहा चुकला तर चालेल, नेट चुकलेलं आम्हाला चालत नाही.

हे नेट सुरू केलं मधूनं, आणि कितीतरी वर्षं तोच चालवायचा.

मधू उंद्रीचा. तिथल्या शाळेत गणित शिकवायचा. परवान्याची परीक्षा आम्ही सोबत दिली होती, मी त्याच्याच वह्यांवर पास झालो. पुढे काचबिंदूनं त्याची नजर गेली. आधी कडेकडेनं, मग पूर्ण. शाळा सुटली, मोटरसायकल सुटली, वाचन सुटलं. रेडिओ तेवढा राहिला, कारण रेडिओला डोळे लागत नाहीत — बोटं लागतात. सेटच्या मधोमध मोठी घुंडी असते, ती फिरवली की आपण हवेतल्या एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकतो. मधूनं त्या घुंडीवर गोंदाचा एक थेंब वाळवून ठेवला होता. एक कळ दाबून सेट ठरावीक ठिकाणी आणायचा आणि तिथून तो थेंब बोटाखालून किती वेळा गेला हे मोजत नेटच्या जागेवर जायचं. कधी चुकला नाही. आम्ही डोळे असलेले लोक चष्मा पुसत सेटवर जागेचा आकडा शोधायचो, तोवर तो बोलायला लागलेला असायचा.

हे "कधी चुकला नाही" लक्षात ठेवा. मी ते त्याच्याविरुद्ध वापरलं.

झालं असं — आता सांगताना पुढचं-मागचं करतोय, माझं मलाच दिसतंय. झालं असं की मधूची घुंडी फार हलकी फिरायची. सदऱ्याची बाही लागली तरी जागा सरकायची. त्यानं मला बोलावलं. मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. काम सोपं होतं: घुंडी काढायची, तिच्यामागे जाड कापडाची एक चकती घालायची म्हणजे ती थोडी जड फिरते, आणि घुंडी परत बसवायची. चकती आम्ही मधूच्या जुन्या कानटोपीतून कापली. घुंडीच्या बाजूला दोन अगदी बारीक स्क्रू असतात, ते एका वाकड्या बारीक चावीनं आवळावे लागतात. दोन्ही.

पहिला आवळला, तेवढ्यात मधूच्या बायकोचे, सुमनवहिनींचे, भाऊ रमेश आले. त्यांचं हार्डवेअरचं दुकान. त्यांनी ती चावी उचलून उलटीपालटी करून पाहिली. "लई बारीक हाये हो. आपल्याकडं भेटत नाही अशी," म्हणाले. बस. माझं डोकं फिरलं. याची नजर चावीवर आहे, आता गप्पांच्या नादात खिशात घालेल, मग कुठे शोधत बसू? चहा आला तशी मी चावी उचलून माझ्याच खिशात टाकली आणि वर हात ठेवून बसलो. मुलखाच्या गप्पा झाल्या. मी घरी आलो.

काही दिवसांनी गोंधळ सुरू झाला. आमच्या जागेच्या शेजारी दुसऱ्या राज्यातला एक गट सकाळी जमतो. त्यांचा आवाज उंद्रीत कधी पोचतो, कधी नाही, त्यामुळे तिथून ती जागा रिकामीच वाटते. मधूचा आवाज त्यांच्या डोक्यावर पडायला लागला. ते चिडले, तक्रारी आमच्याकडे आल्या. आम्ही आमच्या जागी वाट पाहतोय आणि हा शेजारी जाऊन बोलतोय — रोज नाही, अधूनमधून. मधूनं मला फोन केला. घुंडीला तो बटन म्हणतो. "शरद, बटन फिरते पन गाडी पुढं सरकत नाही बे. ढिलं झालं वाटते. एक डाव येऊन पाह्य."

मी काय विचार केला असेल? मी बसवलेली घुंडी ढिली? मला वाटलं हा माझ्यावर ढकलतोय. आणि मग एकात एक सापडतच गेलं — संशयी माणसाला पुरावे शोधावे लागत नाहीत, ते आपणहून येऊन बसतात. त्याआधी नेटवरचे मेहकरचे डॉक्टर सहज म्हणाले होते की अधूनमधून शरदभाऊंनीही नेट चालवावं. तेव्हा मधू हसून म्हणाला होता, "काऊन, खुर्ची पाह्यजे का तुले?" ते हसणं मला आता आठवलं आणि त्यात विष दिसलं. म्हणजे हा मुद्दाम करतोय. आपल्याशिवाय नेट बिघडतं हे दाखवायचंय याला.

मी जायचं टाळलं. आज पाहुणे, उद्या कंबर. आणि दरम्यान एकेकाला फोन केले. "मी काही म्हणत नाही, पण मधू मोजण्यात कधी चुकलेला आठवतो का तुम्हाला?" एवढंच विचारायचो. पुढचं समोरचा स्वतःच जुळवायचा. किती साळसूद प्रश्न होता तो! थोड्याच दिवसांत लोक मधूच्या हाकेला उशिरा उत्तर द्यायला लागले, मग देईनासे झाले. नेट मी चालवावं असं ठरलं. मी दोनदा नको म्हणालो, कारण तिसऱ्यांदा आग्रह होणार याची मला खात्री होती.

शेवटी उंद्रीला गेलो ते दुरुस्त करायला नाही. त्याला पकडायला गेलो. सकाळची वेळ होती, मधू ओट्यावर बसला होता. माझ्या पावलांवरून ओळखलं त्यानं. "आला का? ये," म्हणाला. बस्स, तक्रार नाही. मला त्याचाही संशय आला.

सेटपुढे बसलो आणि घुंडीला हात लावला. ती माझ्या बोटांत नुसतीच फिरली. आकडा हलला नाही. पुन्हा फिरवली, थोडा हलला, पुन्हा अडला. मी पिशवीतून चावी काढली आणि बाजूला वाकून पाहिलं. दुसरा स्क्रू मी ठेवला होता तसाच भोकातून वर डोकावत होता. एकट्या पहिल्यानं किती दिवस धरायचं? तोही सैल झाला होता. मला एका क्षणात सगळं आठवलं — रमेशभाऊ, चहा, खिशावर ठेवलेला माझा हात. मधू माझ्या पाठीमागे उभा होता. मी दोन्ही स्क्रू आवळले. आवाज होऊ नये म्हणून श्वास धरून.

"काय निघालं?" त्यानं विचारलं.

बोलायचं होतं का मला? हो, तोंडापर्यंत आलं होतं. पण मग ते फोन? ती खुर्ची? लोक काय म्हणतील — आंधळ्या मित्राची घुंडी याला धड बसवता आली नाही आणि वर त्यालाच बदनाम केलं. मी म्हणालो, "काही नाही. थोडी धूळ होती. बटण पक्कं आहे."

तो पुढे आला, घुंडीवर हात ठेवला, फिरवली. घट्ट होती. बराच वेळ फिरवत राहिला, डावीकडे, उजवीकडे. मग म्हणाला, "मंग माह्या बोटातच फरक पडला असन."

वहिनींनी चहा दिला. मी तो प्यायलो.

तुम्हाला वाटत असेल, एवढंच? नाही. अजून एक आहे, आणि ते मी मुद्दाम मागे ठेवलं. दुसऱ्या दिवशी नेटवर, सगळे ऐकत असताना, मी सांगितलं: "काल मधूभाऊंचा सेट तपासून आलो. सेट उत्तम आहे." शब्द न् शब्द खरा होता. सेट उत्तमच होता — मी आदल्या दिवशी केला होता. पण ऐकणाऱ्यांना जे कळायचं ते कळलं: सेट चांगला, म्हणजे माणूस खोटा. मधूही त्या वेळी ऐकत होता. मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी ते वाक्य इतकं जपून रचलं होतं. मला त्या वाक्याची लाज वाटते. त्या सगळ्या फोनांपेक्षा जास्त, कारण तेव्हा मला निदान खरं माहीत नव्हतं.

त्यानंतर कितीतरी दिवस मधू नेटवर आला नाही. त्याला कळलं असेल का? गणिताचा मास्तर आहे, धुळीनं घुंडी सुटत नाही आणि फुंकरीनं घट्ट होत नाही हे त्याला समजत नसेल? की माझ्यावर त्याचा विश्वास इतका की स्वतःच्या बोटांवरचा त्यानं काढून घेतला? मी दोन्ही बाजूंनी विचार करतो. दुसरं खरं असलं तर मला जास्त भीती वाटते.

आता तो पुन्हा येतो. उशिरा, बहुतेकांचं झाल्यावर. मी नेट चालवतो, त्यामुळे त्याची हाक मलाच घ्यावी लागते. त्याच्या बोलण्याआधी माईकमध्ये सुमनवहिनींचा आवाज येतो. त्या सेटवरचा आकडा एकेक करून वाचतात. तो म्हणतो, "पुन्हा पाह्य बरं." त्या पुन्हा वाचतात. "हाव, बराबर हाये. बोला." मग तो बोलतो. घुंडी घट्ट आहे, मी दोन्ही स्क्रू आवळलेत. तो जागेवरच असतो, रोज. मी त्याला सुप्रभात म्हणतो आणि पुढच्याचं नाव घेतो.