लिबोरिओमामांचं दार

लिबोरिओमामांना जमीन मिळाली त्या दिवशी ते इतक्या मोठ्याने ओरडले की आमच्या दोन गाई ग्वादालूपे नदी ओलांडून पळाल्या. ओरडायचंच असतं. वसाहतीचा अंमलदार जमीन घेणाऱ्याचा हात धरून त्याला हद्दीवरून फिरवतो. मग घेणाऱ्याने मूठभर गवत उपटायचं, चारी दिशांना दगड फेकायचे, एखादी फांदी तोडायची आणि शेवटी जगाला ऐकू जाईल असं ओरडायचं. साक्षीदार बघत असतात. झालं, जमीन त्याची. टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा, म्हणून कागद पुढे सावकाश प्रांताच्या राजधानीला, सालतियोला जायचा. तो पोचला की नाही हे आमच्यात कोणी विचारत नसे.

"लिबोरिओ," तोमासामामी म्हणाली, "जमीन घेतलीस की लांडगा हाकललास? आता त्या गाई कोण आणणार, हे साक्षीदार?"

साक्षीदार हसले. गाई मी आणल्या.

मी लिहिणारा माणूस नाही. पत्रसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घेत आलो. पण ते ओरडणं ऐकलेलं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि मामांचं ते दार कुठून कुठे गेलं हेही कोणाला माहीत नाही. म्हणून जमेल तसं लिहितो.

मामा गाडे बनवत. कॉटनवूडच्या जाड फळ्या जोडून केलेली भरीव चाकं, मेस्कीटच्या टणक लाकडाचा आस, सगळ्या गाड्यात एक खिळा नाही. आसाला निवडुंगाचा गर चोपडायचा, तरी गाडा मैलभर आधीच ऐकू येई. मामा बुटके, रुंद, हात मोठे, आणि बोलणं कमी. बोलायचं काम मामीकडे होतं.

घर त्यांनी चिखलामातीचं आणि खांबांचं केलं, दोन खोल्यांचं, इतरांसारखंच. दार मात्र वेगळं केलं. नदीकाठचा एक जुना सायप्रस वीज पडून आडवा झाला होता. तो मामांनी सबंध हिवाळाभर हाताने कापला, त्याच्या चार फळ्या केल्या आणि जोडल्या. बिजागरी नाही. दाराच्याच अंगच्या दोन खुंट्या, एक खाली उंबऱ्याच्या खळग्यात, एक वर चौकटीत. दोन माणसांनी उचललं तर दार निघून येई, आणि एका बोटाने ढकललं तर आवाज न करता उघडे. गाड्यांचा एवढा आवाज करणारा माणूस, आणि त्याचं दार मुकं. मामी ते येईल त्याला उघडून दाखवायची.

आमचे लोक दक्षिणेकडून आलेले, रिओ ब्राव्हो नदीकडच्या कोरड्या मुलखातून. तिथे फळी दुर्मीळ. त्यामुळे गाव सोडणारा माणूस भिंती सोडायचा, पण दार काढून गाड्यावर घालायचा. रस्त्याने गाडा चालला आणि त्यावर दार दिसलं, की बायका हात जोडून म्हणत, गेलं बाई हे घर. आणि दार जागेवर ठेवून कोणी कितीही लांब गेला तरी त्याला गेला म्हणत नसत. परत येणार आहे म्हणत.

अठराशे पस्तीस सालच्या शरदात वसाहतवाल्यांनी मेक्सिकोच्या सरकारविरुद्ध बंड केलं आणि ला बाहियाचा किल्ला घेतला. मामा पहिल्यापासून बंडाच्या बाजूने. सरकार लांब आहे, दरवर्षी बदलतं, आणि बदललं की कर तेवढे वाढतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दोन गाडे मका भरून किल्ल्यात पोचवला.

"राज्य आपलं झालं की चाकं कुरकुरायची थांबणार का?" मामीने विचारलं.

"कुरकुरतील. पण आपली म्हणून कुरकुरतील."

"मग ठीक. मला वाटलं फुकटच चाललायस."

पुढच्या मार्चमध्ये मेक्सिकोची फौज परत आली. किल्ल्यातल्या शरण आलेल्या बंडखोरांना त्यांनी कसं मारलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी लिहीत नाही. बंडखोरांना मका दिला म्हणून मामांचे बैल आणि एक गाडा नेला. मामा नदीकाठच्या झाडीत लपून राहिले. मामी धुणं घेऊन जाई, त्यात भाकरी दडवलेल्या असत. मग एप्रिलच्या शेवटी बातमी आली की सान हासिंतोला मेक्सिकोचा पराभव झाला, टेक्सास स्वतंत्र झाला. मामा झाडीतून बाहेर आले, दाढी छातीपर्यंत, अंगाला चिखल. अंगणात उभं राहून म्हणाले, "आपण जिंकलो."

"आधी अंघोळ कर," मामी म्हणाली. "स्वतंत्र झालास म्हणून वास गेला नाही तुझा."

त्या दिवशी दोघं नाचली. मामांना नाचता येत नसे.

जूनमध्ये घोडेस्वार आले. लढाई संपल्यानंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून येऊन दाखल झालेले हे स्वयंसेवक होते. त्यांचा लेफ्टनंट हातावर फोड आलेला एक तरुण होता. स्पॅनिश बोलणाऱ्या सगळ्या कुटुंबांनी बंदरावर जायचं, तिथे गलबत उभं आहे, असा त्याचा हुकूम. मेक्सिको पुन्हा चालून आलं तर ही माणसं त्याला मिळतील, म्हणून.

मामा हसले. त्यांना वाटलं घर चुकलं. "त्याला सांग," ते मला म्हणाले, "आम्ही तुमच्यातलेच. किल्ल्यात मका कोणी पोचवला ते कोणालाही विचार म्हणावं."

मला तेव्हा इंग्रजी चार शब्द येत होते. ते मी बोललो. लेफ्टनंट म्हणाला, "या नदीवर सगळे मकाच पोचवत होते असं दिसतं." आणि गाड्याकडे बोट दाखवलं. मावेल तेवढं घ्या.

मामीने भांडी, घोंगड्या, जातं चढवलं, वर मुलीला, फेलिसियानाला बसवलं. मग दाराशी जाऊन उभी राहिली.

"लिबोरिओ, वरची बाजू धर."

"दार राहू दे."

"वेडा झालास? एवढी एकच वस्तू आहे आपल्याकडे किमतीची."

"दार काढलं की आपण गेलो, तोमासा."

"मग आत्ता काय चाललंय? लग्नाला निघालोय?"

"आत्ता आपल्याला नेतायत. आपण जात नाही."

 मामीने झाडू घेतला आणि सगळं अंगण झाडून काढलं. घोडेस्वार घोड्यांवर बसून बघत होते, एकाने काहीतरी विनोद केला. मामांनी दार ओढून घेतलं आणि कच्च्या चामड्याच्या वादीने बांधलं, गाड्याचं जू बांधतात त्या गाठीने. मला म्हणाले, "आल्यावर ओल्या फडक्याने सुटेल."

गलबताने आम्हाला न्यू ऑर्लिन्सला नेलं, तिथे आम्ही पाच वर्षं राहिलो. मी धक्क्यावर पोती वाहिली आणि इंग्रजी शिकलो. मामा दुसऱ्याच्या कारखान्यात लोखंडी धावांची चाकं दुरुस्त करत. मामी लोकांचे कपडे धुई. त्यांची एकुलती मुलगी फेलिसियाना दुसऱ्या उन्हाळ्यात पिवळ्या तापाने गेली. त्या शहरात जमीन खणली की पाणी लागतं, माणसं नीट पुरताही येत नाहीत. मामा रात्री कधीतरी विचारत, "गाठ टिकली असेल का रे? उंदीर चामडं खातात."

आम्ही परत गेलो तेव्हा दार जागेवर होतं. मला ते लांबून दिसलं. मामांना माझ्या आधी दिसलं असणार, कारण ते पळत होते. वादी मात्र नव्हती. धुराड्यातून धूर येत होता.

मामांनी स्वतःच्या दारावर टकटक केली. आलाबामाहून आलेला हॉलिस प्रुइट नावाचा उंच, लाल मानेचा माणूस बाहेर आला.

"दार चांगलं ठेवलंयस," मामा म्हणाले. मी इंग्रजीत सांगितलं.

"ठेवायला काय लागतंय त्याला? इतके उन्हाळे झाले, केसभर वाकलं नाही. कोणी केलंय देव जाणे."

"मी."

प्रुइट आत गेला. पाणी आणून दिलं. "ही जागा मला टेक्सासच्या प्रजासत्ताकाने दिली आहे," तो म्हणाला. "ओसाड म्हणून."

"मलाही दिली होती," मामा म्हणाले. "हाताने."

दावा व्हिक्टोरिया गावच्या कोर्टात उभा राहिला. प्रजासत्ताकाचा कायदा असा, की लढा टाळायला जो देश सोडून गेला त्याची जमीन गेली. म्हणजे सगळं एकाच प्रश्नावर अडलं होतं. मामा गेले की त्यांना नेलं? जमीन घेताना पाहिलेले साक्षीदार रिओ ब्राव्होपलीकडे, काही जिवंत, काही नाही. तो लेफ्टनंट केंटकीला परत गेला की वाटेत मेला, कोणी सांगेना. मी भाचा, माझ्या शब्दाला वजन नाही, पण दुभाष्या म्हणून मी चाललो.

मामांनी गवत उपटल्याचं सांगितलं, दगड फेकल्याचं सांगितलं. पंचांपैकी एकाने विचारलं, "आणि ओरडलास?"

"ओरडलो."

"काय ओरडलास?"

"काही नाही. नुसतं ओरडलो."

पंच हसले. दुष्टपणाने हसले असं मी म्हणणार नाही. मलाही ते इंग्रजीत सांगताना विचित्र वाटलं होतं.

मग प्रुइटने शपथ घेतली. तो खरं बोलला, प्रत्येक शब्द. आला तेव्हा दार बंद होतं. व्यवस्थित वादीने बांधलेलं, इतकी चांगली गाठ की कापावी लागली. चूल रिकामी, राख काढलेली. अंगणात गवत वाढलं होतं, पण झाडू भिंतीला नीट उभा करून ठेवला होता.

न्यायाधीश मामांकडे वळले. वयस्कर, दमलेला माणूस. "बंदुकीच्या धाकाने नेलेल्या माणसाला," ते म्हणाले, "अंगण झाडायला आणि गाठी मारायला सवड मिळते?"

मागून मामी उठली. "मग काय घाण टाकून जायचं? उद्या परत आल्यावर कोणी झाडायचं, तुम्ही?"

मी तेही सांगितलं. या वेळी कोर्टात सगळेच हसले, न्यायाधीशही.

मामा हसणं संपेपर्यंत थांबले. म्हणाले, "साहेब, मी दार काढलं नाही. जाणारा माणूस दार काढतो. मी ठेवलं, म्हणजे मी गेलो नाही. याहून मोठा पुरावा माझ्याजवळ नाही."

मी हे शब्दाला शब्द सांगितलं. एकदा सांगितलं, न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं म्हणून पुन्हा सांगितलं. त्यांनी मान डोलावली, ऐकल्याची. पंचांमध्ये आमच्यापैकी एकही नव्हता.

निकाल जेवणाच्या आधी लागला. जमीन प्रुइटची. न्यायाधीशांना वाईट वाटलं असावं, कारण उठता उठता ते म्हणाले, "ते दार या माणसाला एवढं प्रिय असेल तर खुशाल न्यावं. प्रुइटची हरकत नसावी."

"नाही, हरकत नाही," प्रुइट म्हणाला.

मामांनी मला बोलू दिलं नाही. इंग्रजीतला एवढा एक शब्द त्यांना येत होता, तो त्यांनी स्वतः उच्चारला. "नो."

आम्ही गावाबाहेर एका जर्मन दुकानदाराच्या परसातली झोपडी भाड्याने घेतली. तिला दाराऐवजी गाईचं कातडं लावलेलं होतं. मामा दुसऱ्यांचे गाडे दुरुस्त करत आणि दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की नदीच्या अलीकडच्या काठावर जाऊन बसत. तिथून पलीकडचं घर दिसे. आले की मामी विचारी, "आहे?"

"आहे."

एवढंच बोलणं. त्या दोघांनी एका शब्दावर चार वर्षं काढली. मी एकदा म्हणालो, "मामा, निकाल लागलाय." ते म्हणाले, "निकाल कोर्टात लागतो. दार तिथेच आहे ना?"

सेहेचाळीसच्या फेब्रुवारीत ऑस्टिनला प्रजासत्ताकाचा झेंडा उतरवला. टेक्सास संयुक्त संस्थानांत गेला. मी बातमी आणली तेव्हा मामा आसाला गर चोपडत होते.

"कोणी लढून घेतलं?"

"नाही मामा. यांनीच दिलं. राजीखुशीने."

त्यांनी बराच वेळ हात चालू ठेवला. "देताना कोणी ओरडलं का?"

"तोफा उडवल्या म्हणतात."

"हं," मामा म्हणाले.

त्या वसंतात प्रुइटने फळ्यांचं नवं घर बांधलं, आणि एका दुपारी तो गाडीत दार घालून आमच्या झोपडीपुढे आला. जुनं घर पाडत होता. दुसरा कोणी दार जाळून मोकळा झाला असता. त्याने ते पोत्यात गुंडाळून, खाली गवत अंथरून आणलं होतं, आणि उतरवताना खुंट्या सांभाळत होता.

"त्याला सांग," तो मला म्हणाला, "असलं दार फेकवलं नाही मला. नव्याला कुलूप आहे, पण हे त्याहून चांगलं होतं."

मी सांगितलं. मामांनी त्याचा हात हातात घेतला आणि आभार मानले. प्रुइट खूश होऊन गेला. भला माणूस होता.

दार आठवडाभर भिंतीला टेकून उभं राहिलं. रविवारी मामा मिस्सेहून सरळ घरी आले. मामीने काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कातडं काढलं, चौकट मोजली. झोपडीची चौकट बुटकी, दार वीतभर उंच.

"चौकट उंच कर," मामी म्हणाली. "दार कापू नकोस, लिबोरिओ."

"चौकट जर्मनाची आहे."

त्यांनी दार आडवं केलं, करवत घेतली, खालून वीतभर कापलं, खालची खुंटी नव्याने कोरली. दुपारपर्यंत दार बसवून झालं. बोटाने ढकलून पाहिलं. आवाज आला नाही. मग ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

सायप्रसची ती कापलेली पट्टी अंगणात पडली होती. मामीने ती उचलली, झाडली, आत बाहेर बघितलं, कुठे ठेवायची तिला कळेना. शेवटी चुलीत घातली. जुनं, वाळलेलं लाकूड. त्यावर त्या दिवशीचा घेवडा शिजला, आणि तो आम्ही तिघांनी खाल्ला.