मी न बोललेली ओळ

माझी आत्या कोर्टाच्या आवारात टायपिस्ट आहे. एकतीस वर्षं तेच टेबल, तीच उशी बांधलेली खुर्ची आणि तोच तिखट तोंडाचा पट्टा. वकील घाई करायला लागले की म्हणते, "आग लागली असेल तर बंब बोलवा, नाहीतर रांगेत या." टाइपरायटर जाऊन संगणक आला, तरी ती कळा अशी बडवते की शेजारचा स्टॅम्पवाला म्हणतो, "बाई, त्यांनी काय गुन्हा केलाय?" समोरच्याने एक वाक्य सांगितलं की पुढची चार तिची बोटंच लिहून मोकळी होतात. याचा तिला कोण अभिमान! आणि त्याच अभिमानाने माझा घात केला.

झालं असं, की चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवणारा तो आणि मी दोन वर्षं सोबत होतो. लग्न ठरवलं होतं, आम्हीच, आमचं आम्ही. भाड्याचं घरही बघून आलो होतो. स्वयंपाकघराची खिडकी उघडत नव्हती म्हणून मीच नको म्हटलं. मग त्याच्या आईने अन्नपाणी सोडलं आणि आमच्या वाघाची शेळी झाली. "मला जमणार नाही," एवढं सांगायलाही त्याने तीन आठवडे लावले. मी रडले, चिडले, त्याने दिलेलं घड्याळ त्याच्याच काउंटरवर आपटून आले.

बाबांना कळलं, तशी त्यांनी मला हाताला धरून आत्याच्या टेबलाशी नेलं. बाबा पोलिसांत द्यायची तक्रार सांगत होते, आत्या टाइप करत होती, मी बाकावर डोळे सुजवून बसले होते. "कर सही," म्हणाले, केली. न वाचता! कोर्टात टायपिस्ट आत्या असलेली मी, अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे.

आठवड्याने कळलं, पोलिसांनी गुन्हा नोंदवलाय. अटक होण्याआधीच संरक्षण मिळावं म्हणून त्याने अटकपूर्व जामिनाचा अर्ज केलाय आणि सुनावणी तीन दिवसांवर आहे. मी तक्रारीची प्रत मागून घेतली. त्यात होतं, 'लग्न करण्याचा इरादा सुरुवातीपासूनच नसताना आरोपीने खोटे आमिष दाखवून शारीरिक संबंधांना माझी संमती मिळवली.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच जाऊन कागद आत्याच्या पुढ्यात आपटला.

"हे कोणी सांगितलं तुला?"

आत्याने वाचलं. चष्मा काढला, पुन्हा लावला. "दादा एवढंच म्हणाला, की लग्नाचं वचन मोडलं. पुढचं… अगं, अशा तक्रारींत ते असतंच. बोटं लिहून गेली."

"आत्या, मी हो म्हटलं होतं! शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने. त्याचा राग आहे मला, जन्मभर राहील. पण या ओळीपायी तो तुरुंगात गेला, तर माझं ते 'हो' कायमचं खोटं ठरेल."

समोर एक वकील बसले होते, त्यांना आत्या म्हणाली, "तुमचं नंतर." मग मला, "बोल. तुझ्या शब्दांत. सावकाश."

त्या दिवशी तिने एका बोटाने टाइप केलं. प्रत्येक वाक्य मला वाचून दाखवलं.

"भेकड आहे, लिही."

"प्रतिज्ञापत्रात भेकड चालत नाही गं."

"मग लिही, आईपुढे टिकला नाही."

तेवढ्यात बाबा आले. "लोक काय म्हणतील, याचा विचार केलास का?"

"दादा," आत्या मान वर न करता म्हणाली, "लोक काय म्हणतील ते मी टाइप करत नाही. ही काय म्हणते ते करते." बाबा धुसफुसत बाकावर बसले, पण उठून गेले नाहीत.

सुनावणीला न्यायाधीश बाईंनी माझा कागद वाचला. "कोणाचा दबाव?"

"आता नाही, मॅडम. पहिली सही मात्र न वाचता केली होती."

मग त्यांनी दुसरा कागद उचलला. मी बघतच राहिले. तो आत्याचा होता. वाक्य तक्रारदाराने सांगितलेले नाही, मी सवयीने घातले, अशी कबुली, खाली सही. एकतीस वर्षं जगाची प्रतिज्ञापत्रं टाइप करणारीने पहिल्यांदा स्वतःचं केलं होतं, तेही स्वतःची चूक सांगायला. मला तिथेच भडभडून आलं.

न्यायाधीश बाई म्हणाल्या, फसवायचंच म्हणून वचन देणं वेगळं आणि दिलेलं वचन निभावता न येणं वेगळं. तपास होईल, पण आज अटकेची गरज दिसत नाही. जामीन मंजूर. अटी दोन, बोलावलं की पोलिसांत हजर राहायचं आणि माझ्याशी संपर्क करायचा नाही. दुसरी अट मला फारच आवडली.

आत्या, बाबा आणि मी बाहेर आलो तर छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. किती दिवसांनी भूक लागली! तेवढ्यात तो हात जोडत पुढे आला.

"अट ऐकली नाहीस का?" आत्या कडाडली. "हो लांब!"

तो जिना चुकवून भलत्याच दाराने गेला. बाबा हसले, मीही हसले, हसता हसता रडले.

आजही आत्याकडे बायका येतात. काही खरोखर फसवल्या गेलेल्या असतात, त्यांचा शब्दन् शब्द ती घेते. पण "लग्नाचं वचन मोडलं" हे वाक्य आलं, की ती दोन्ही हात कळांवरून उचलून मांडीवर ठेवते आणि सोबत आलेल्या बापाकडे, भावाकडे न बघता विचारते, "बाई, पुढे काय झालं ते तू सांग."