चौकशीबाईंचा आवाज

चौकशीबाईंना रागावलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीमागे त्यांची उभी हयात गेली, आणि त्या खिडकीशी लोक काय काय घेऊन येत ते विचारू नका: रडकी पोरं, फुटक्या पिशव्या आणि बस चुकल्याचा सगळा राग. फलाटाचा आकडा डोक्यावर ढळढळीत लिहिलेला असायचा, तरी बरोबर त्याच्याखाली उभं राहून माणूस विचारायचा, "फलाट कुठला?" शेजारचा तिकीटवाला कपाळावर हात मारून घ्यायचा. बाई मात्र दर वेळी तितक्याच शांतपणे सांगायच्या. नव्या मुलींना त्यांची शिकवण एकच होती. "आपण शंभरदा ऐकलं असेल, पण त्याने पहिल्यांदाच विचारलंय. आणि माहीत नसेल तर 'येईल हो' म्हणून कुणाची बोळवण करायची नाही."

मग त्या निवृत्त झाल्या आणि नवऱ्याचं विसरणं सुरू झालं. चांगला हाडाचा सुतार, पण आता दिवसभर एकच विचारायचा, "आई आली का?" सासूबाईंना जाऊन एक जमाना झाला होता. सुरुवातीला बाईंनी खरं ते सांगून पाहिलं, तर तो दर वेळी नव्याने हमसून हमसून रडला. मग त्यांनी खिडकीवरचा आवाज काढला. "अजून नाही आल्या." हे खोटंही नव्हतं. तो मान हलवायचा, खिडकीबाहेर बघत बसायचा, आणि दूध उकळायच्या आत पुन्हा विचारायचा.

खिडकीवरची ड्यूटी निदान संपायची. घरातली संपेना, आणि बाईंना स्वतःचीच भीती वाटू लागली. एकदा जेवताना त्याने पुन्हा तेच विचारलं तेव्हा त्यांनी त्याचं मनगट इतकं आवळलं, की संध्याकाळी तिथे काळंनिळं झालं. "कुठे आपटलं कुणास ठाऊक," म्हणत तो ते चोळत बसला. पाहणारं कुणी नव्हतं, आणि ज्याला लागलं त्याला आठवत नव्हतं. मग पुढच्या वेळी हा हात अडवणार कोण? तेव्हापासून त्यांनी स्वतःला एक शिस्त लावली. राग चढला की दोन्ही हात नळाखाली धरायचे, आणि तो उतरेपर्यंत मागे वळायचं नाही. बहुतेक वेळा ते जमायचं.

त्या दुपारी जमलं नाही. त्यांनी नळ सोडला होता, हात पाण्याखाली होते, आणि तो मागोमाग येऊन कानाशी म्हणाला, "आई आली का?"

"मेली तुमची आई. कितीदा सांगू, मेली ती."

स्वतःचा आवाज बाईंना ओळखू आला नाही. तो या खेपेला रडला नाही. भिंतीला पाठ लावून त्याने दोन्ही हात तोंडासमोर धरले, मार चुकवायला धरतात तसे. त्यांनी त्याला खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. तो बाहेर जाईल म्हणून नव्हे, आपल्यापासून त्याला लांब ठेवायला. मग परत नळापाशी येऊन त्या किती तरी वेळ उभ्या राहिल्या.

सुताराला कडीने अडवायला निघालेली बाई जगात ही एकच असावी. नळ बंद करून पाहतात तर खोलीचं दार बिजागऱ्यांतून सोडवून भिंतीला व्यवस्थित टेकवून ठेवलेलं, आणि नवरा गायब. चपला घरातच होत्या.

बाई धावतच सुटल्या. वाणी, इस्त्रीवाला, औषधांचं दुकान, कुणीच पाहिलं नव्हतं. चौकात ब्रेक करकचले की त्या वळून तिकडे बघत. आज याला काही झालं तर ते आपणच केलं, एवढं एकच डोक्यात घुमत होतं. तेवढ्यात तिकीटवाल्याचा फोन आला. "बाई, तुमचे हे इथे आलेत. खिडकीपासून हलायला तयार नाहीत."

त्या पोचल्या तेव्हा तो खिडकीतल्या नव्या मुलीला विचारत होता, "इथल्या त्या बाई कुठे आहेत? शांत बोलतात त्या."

"काय काम होतं, काका?"

"आमच्या घरी एक बाई आहे. मला तिची भीती वाटते."

बाई जागच्या जागी थिजल्या. पुढे व्हावं तर तो आपल्याला पाहून पळेल, आणि मागे बसगाड्या वळत होत्या. त्या लांबच थांबल्या आणि त्यांनी कसाबसा तो जुना आवाज काढला. "कुठे जायचंय आपल्याला?"

तो वळला. त्याचा चेहरा निवळला. "आलात का तुम्ही? घरी जायचंय हो. पण ती ओरडते."

"हो. ओरडते ती."

"आता गेलो तर ओरडेल?"

'नाही' हा शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आला होता. पण ते त्यांना माहीत नव्हतं.

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण मी येते तुमच्याबरोबर."

त्यांनी त्याचा हात धरला नाही. नुसता तळहात पुढे केला, आणि धरायचा की नाही ते त्याच्यावर सोडलं. जरा वेळाने त्याने तो धरला. घर दिसू लागलं तसा तो त्यांच्या आडोशाला सरकला, आणि त्या दाराची बाईंनाही तेवढीच भीती वाटत होती.