बंबाचं पाणी

बंबाच्या धुराचा वास आला की मला डोंबिवलीच्या घरातली ती सकाळ आठवते. बाबा आणि काका एकाच ओटीवर पाठीला पाठ लावून बसत, पण एकमेकांशी बोलत नसत. कशावरून, ते दोघांनाही आठवत नसावं. निरोपांची ने-आण करायची आमची ही. ती बहिणीच्या बाळंतपणाला कल्याणला गेली, आणि ते काम मी हौसेने अंगावर घेतलं. त्यात काय एवढं! बाबा म्हणाले, “त्या शहाण्याला सांग, सगळं कढत पाणी उपसू नकोस.” मी शब्दन्‌शब्द पोचवला. काका कडाडले, “दादाला म्हणावं, बंब काही तुझ्या सासऱ्याने दिलेला नाही!” मी तेही इमानदारीने पोचवलं. तासाभरात काका वळकटी बांधून वेगळं बिऱ्हाड करायला निघाले. तेवढ्यात ही परतली. दारातली वळकटी पाहिली, माझं तोंड पाहिलं आणि पदर खोचून काकांना म्हणाली, “काका, मामंजी म्हणतात, पाणी तापलंय, आधी तुम्ही घ्या. तुमची पाठ धरलीय ना?” काका घुटमळले, मग पंचा घेऊन न्हाणीत गेले. मी हिला मागीलदारी गाठलं. “अगं, बाबा असं कधी म्हणाले?” ती नुसती हसली. मला भलतीच शंका आली. “मग मला नोकरी लागली तेव्हा बाबांचे डोळे भरून आले, असं तू सांगितलं होतंस, ते?” तिने बंबात एक ढलपी सारली. “पाणी तापलंय. काकांचं झालं की तुम्ही आंघोळ उरकून घ्या.” आंघोळ मी मुकाट्याने केली, तो प्रश्न पुन्हा विचारायचं धाडस मात्र अजून होत नाही.